खोलबीबीचा गाल आणि मस्तुराची वही

कनिबादाम गावात मूल जन्मलं की बाळबाळंतीण सुखरूप आहेत ना, हे लोक मागाहून विचारतात. आधी विचारतात, तीळ कुठं आहे? सुईण पोराला उलटंपालटं करून शोधते, आणि सापडला की तो थेट नावातच बसवून टाकतात. खोल म्हणजे तीळ. म्हणून खोलमुराद, खोलनझर, खोलबीबी. अंगावर लालसर डाग निघाला तर अनोरगुल, म्हणजे डाळिंबाचं फूल. या हिशेबानं एका मोहल्ल्यात नऊ खोलमुराद निघाले होते, आणि त्या नवांत मिळून एक धड कामाचा माणूस निघाला नसता, असं मस्तुराचं मत होतं.

मस्तुराची मतं फार, आणि ती पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. मोहल्ल्याच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं काढलेली बाई. डॉक्टरच्या खालची, नर्सच्या वरची. लेनिनाबादला चार वर्षं शिकून आलेली. ते गाव आता पुन्हा खुजंद झालं, राज्य बदललं, नोटा बदलल्या, पण लोकांच्या डोक्यातला कचरा काही बदलला नाही, असं ती औषधाची गोळी हातावर ठेवता ठेवता पेशंटलाच ऐकवायची. पेशंट मान डोलवायचा आणि घरी जाऊन गोळी ताइताच्या पिशवीत ठेवायचा.

तिळांवर तर तिचा विशेष राग. "तीळ म्हणजे नशीब नाही गं बायांनो," ती सांगायची, "कातडीला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झाल्या की तीळ होतो. बास." जन्मतः तीळ क्वचितच असतो, आणि असला तर, मोठा असला तर त्याच्यावर जन्मभर डोळा ठेवायचा. बाकीचे पोर चालायला लागल्यावर एकेक करून उगवतात, ते पार तिशी-पस्तिशीपर्यंत. आधी सपाट असतात, चहाच्या डागासारखे. मग काही वर उचलतात, मुगाएवढे होतात, एखाद्यातून केसही फुटतो. आणि पन्नाशी आली की माणसासारखेच तेही निवतात. रंग उतरतो, मऊ पडतात, काही तर नाहीसेच होतात. चाळिशीनंतर नवा आला, कडा कुरतडल्यासारख्या झाल्या, एकात दोन रंग दिसले, पसरायला लागला, तर तिथून उठून सरळ माझ्याकडे यायचं. एवढं सगळं घसा फोडून सांगून झालं की कुणीतरी बाई, आपण ताई म्हणतो तसं अपा म्हणत, हळूच विचारायची, "ते सगळं खरं हो मस्तुरा-अपा, पण डाव्या खांद्यावर असला तर काय होतं?"

"डाव्या खांद्यावर असला तर तो डाव्या खांद्यावर असतो."

बायका तिला खडूस म्हणायच्या, आणि तरी गुरुवारी हमामात तिच्यापुढं पाठी करून बसायच्या. कारण स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. मस्तुरा वाफेत डोळे बारीक करून एकेकीची पाठ वाचायची, बाहेरच्या खोलीत येऊन अंग पुसायची आणि वहीत लिहायची. प्रत्येकीचं एक पान. कुठं, किती, केवढा: तांदूळ, मूग, चणा. पुढच्या वर्षी मुगाचा चणा झाला की त्या बाईला हाताला धरून खुजंदच्या बसमध्ये बसवायची. अशा तिघी वाचल्या होत्या. तिघीही नंतर कुठल्यातरी पिराच्या दर्ग्यावर नवस फेडून आल्या. मस्तुराच्या दारात एक खरबूजसुद्धा ठेवलं नाही कुणी.

त्या वहीत सबंध मोहल्ला होता. फक्त तिच्या जावेचं पान नव्हतं. एका अंगणात दोन दारं, मधून पाण्याचा पाट वाहणारा, पाटाच्या एका बाजूला मस्तुरा आणि दुसऱ्या बाजूला थोरली जाऊ खोलबीबी. आणि तिचं पान नाही.

आता खोलबीबी म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. या बाईनं आयुष्यात केलं काय? तर एका तिळावर ती जगली. उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं वर, काळाभोर, मसुरीएवढा. मुलगी बघायला आलेल्या बायकांनी चहाचा घोटही न घेता होकार दिला होता. सासूनं तिला घरात आणली तीच सगळ्या गल्लीला दाखवत, "दौलतीचा तीळ आहे हो माझ्या सुनेच्या गालावर." त्या साली जर्दाळू चांगला आला, तो तिळामुळे. पुढच्या साली गारपिटीनं झोडपला. तो शेजाऱ्यांची दृष्ट लागल्यामुळे. तिळाकडे दोष म्हणून कधी जायचाच नाही. खोलबीबी फोटो काढायला बसली तरी उजवा गालच पुढं करायची. घरातल्या सगळ्या फोटोंत बाईला डावा कान आहे की नाही याचा पत्ता लागत नाही.

तीन वर्षांनी धाकटी सून म्हणून मस्तुरा आली. सासूनं तिचा पदर बाजूला करून तोंड इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, हनुवटी वर करून पाहिलं, आणि शेजारणीला म्हणाली, "ही कोरडी आहे. एक तीळ नाही." मस्तुरा तेव्हा तेवीस वर्षांची होती, हाताशी शिक्षणाचा कागद होता, आणि ते वाक्य तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण ते आत कुठंतरी जाऊन बसलं ते बसलंच. पुढं ती तिळांवर इतकं बोलायची त्यातलं अर्धं विद्येतून यायचं आणि अर्धं तिथून. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. कबूल करायची तयारी नव्हती.

दिवस गेले. सासू गेली, दोघींचे नवरे गेले. आणि खोलबीबी पंचेचाळिशीला येईपर्यंत तिचा तीळ निवत गेला. काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा चहासारखा, मग गालाच्याच रंगाचा एक मऊ फुगवटा उरला. ज्यानं त्यानं आपल्या वयानं उतरावं तसा तो उतरला, यात नवल ते काय? पण खोलबीबीचं धाबं दणाणलं. एका संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी ती तोंडावर रुमाल ओढून आत आली, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मस्तुरा, याचा रंग परत आणायचं काही औषध असतं का गं?"

मस्तुरा हसली. साधं नव्हे, खुर्चीवर मागं रेलून हसली. बावीस वर्षांचं साठलेलं हसू होतं ते. तेवढ्यावर थांबली असती तरी निभलं असतं. पण त्याच आठवड्यात समोरच्या अनोरगुलच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं, आणि मांडवात साठ बायका पुलाव खात बसलेल्या. मस्तुरानं सगळी हकिकत तिथं रंगवून सांगितली. दौलत मावळली म्हणाली, तिळाचा खजिना रिकामा झाला म्हणाली. बायका हसून हसून आडव्या झाल्या. खोलबीबी चार माणसांपलीकडे ताटावर बसली होती. तिनं हातातला घास खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं उस्मा धरला. भुवया काळ्या करायला बायका पाटाकाठी उस्म्याचं रोप लावतातच. पानं तळहातावर चोळायची, रस काढायचा, काडीला कापूस गुंडाळून भुवईवर फिरवायचा. हिरवा लागतो आणि वाळला की काळा होतो. खोलबीबी रोज सकाळी दोन भुवया रंगवायची आणि तिसरा ठिपका गालावर द्यायची. सोळा वर्षं. आणि मस्तुरानं त्या दिवसापासून तिच्या उजव्या गालाकडे बघणंच सोडलं. बोलायच्या दोघी, अंगण एक होतं, तंदूर एक होता. पण मस्तुरा बोलताना तिच्या खांद्याकडे नाहीतर पायांकडे बघायची. रंगवलेला तीळ, त्यात काय बघायचं? खोटं नाणं कुणी तपासत बसतं का? खोलबीबीनंही हमामात यायचं बंद केलं. घरीच पाणी तापवायची.

मग एका जूनमध्ये अनोरगुल मस्तुराकडे जर्दाळू फोडायला बसली होती. दोघींच्या मधे परात, हातात सुऱ्या, बिया एकीकडे आणि फोडी एकीकडे. अनोरगुलच्या पोटात काही राहत नाही. त्या दिवशी तर तिला अगदी उमळून येत होतं. शेवटी म्हणाली, सांगायचं नाही अशी शपथ घातलीय, पण सांगते. खोलबीबीचा तीळ परत आलाय. खराखुरा. वर्ष झालं, उस्मा लावतच नाही गालाला. आपोआप काळा होत चाललाय, उलट मोठा झालाय पहिल्यापेक्षा. आम्हां चौघींना तिनं गुपचूप हलवा वाटला, आणि मस्तुराला मात्र कळता कामा नये म्हणाली, ती हसेल.

मस्तुरा हसलीच. सवयच ती. "एकसष्टाव्या वर्षी तिळाला तारुण्य आलं काय," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि सुरी फोडीत तशीच राहिली.

तीळ निवतो. निवलेला तीळ परत पेटत नाही. हे तिनं हजार बायकांना हजार वेळा सांगितलं होतं. आणि खोलबीबी चाळीस उन्हाळे गच्चीवर जर्दाळू वाळत घालत होती, रुमाल मागं बांधून, तोंड सूर्याकडे करून, कारण तीळ दिसायला हवा ना.

ती तशीच उठून पाट ओलांडून गेली. खोलबीबीनं तिला येताना बघितलं आणि रुमालाचं टोक गालावर धरलं. मस्तुरानं गोड बोलायला हवं होतं. तिला ते कुठं येतं? तिनं दारातूनच हुकूम सोडला, दाखव. खोलबीबी नाही म्हणाली. मस्तुरा म्हणाली, मूर्खासारखं करू नकोस. खोलबीबीनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त आवाज वाढलेले. तिसऱ्या दिवशी खोलबीबी तंदुरात नान लावायला वाकली, दोन्ही हात पिठाचे, आणि रुमाल घसरला. मस्तुरा पाटाच्या अलीकडे केर काढत होती. तिनं सोळा वर्षांनी तो गाल बघितला.

तीळ आला नव्हताच. तीळ बिचारा आपल्या जागी होता, गालाच्या रंगाचा, मऊ, म्हातारा. त्याला लागून एक सपाट डाग पसरला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. एकीकडे चहाचा रंग, एकीकडे काळा, कड कुठं पुसट तर कुठं उंदरानं खाल्ल्यासारखी. वहीत असं काही दिसलं असतं तर तिनं त्या बाईला तंदुरावरून तशीच उचलून बसमध्ये घातली असती. हा एका वर्षाचा नव्हता. चार-पाच वर्षं उस्म्याखाली दबा धरून बसला होता, आणि रोज सकाळी ही बया त्याच्यावर आपल्या हातानं पांघरूण घालत होती. मस्तुरा केरसुणी धरून उभी राहिली. शिव्या घालाव्यात तर कुणाला, हे तिला पहिल्यांदाच कळेना. एका अंगणात राहून, मोहल्ल्यातली प्रत्येक पाठ पाठ असलेली ती शहाणी, आणि तिनं एक गाल बघितला नव्हता. का, तर हेवा.

त्या दुपारी ती जाऊन खोलबीबीच्या ओट्यावर बसली. चहा मागितला नाही, दिलाही नाही. डाग पाहिला म्हणाली, आणि तो कातडीचा कर्करोग असू शकतो हे सगळं सांगितलं. वरवर असेल तर कापून मोकळं होता येतं, खाली उतरला तर जीव घेतो. नेहमीचा ओरडा नव्हता, म्हणून खोलबीबीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"तो गेला तेव्हा तू हसलीस. आता आलाय, तर कापायचं म्हणतेस."

खोलबीबी पुढं बोलत राहिली, अगदी शांतपणे. तुझ्याकडे शिक्षण होतं, नोकरी होती, गल्लीत तुला बघून लोक उठून उभे राहायचे. माझ्याकडे काय होतं? लिहायला-वाचायला तरी धड येतं का मला? एक तीळ होता. तेवढाच तुला खुपला.

"खुपला," मस्तुरा म्हणाली. "अडतीस वर्षं खुपला, अपा. सासूबाई मला कोरडी म्हणाल्या त्या दिवसापासून. मला हेवा वाटायचा तुझा."

खोलबीबीनं पहिल्यांदाच रुमाल सोडला आणि तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "हे मला काय सांगतेस. ज्या मांडवात हसलीस त्या मांडवात सांग. मग येते खुजंदला."

हेच ते! मस्तुराला तिथल्या तिथं संताप आला. बाई मरणाच्या दारात उभी, आणि हिला मांडव हवा, मिजास हवी! पण जीव खोलबीबीच्या गालावर होता आणि किल्ली तिच्याच हातात होती. तसंही रविवारी अनोरगुलच्या नातीचं लग्न होतंच. अंगण तेच, बायका बहुतेक त्याच. काही मेल्या होत्या आणि त्यांच्या सुना आल्या होत्या.

लग्नात आता माइक आला आहे. प्रत्येक मानाच्या बाईच्या हातात तो देतात आणि तिनं वधूवरांना आशीर्वाद द्यायचे. तेच ते आशीर्वाद, जोडीनं म्हातारे व्हा, दारात पोरंबाळं खेळोत. कर्णे इतके मोठे लावतात की पलीकडच्या गल्लीत चहाखान्यात बसलेल्या पुरुषांनाही ऐकावं लागतं. मस्तुरा एरवी माइक आला की पुढं सरकवून द्यायची. त्या दिवशी तिनं मागून घेतला. नवऱ्यामुलीला दोन शब्द बोलली आणि मग म्हणाली, सोळा वर्षांपूर्वी याच अंगणात मी माझ्या जावेची चेष्टा केली. तिचा तीळ गावात सगळ्यांत सुंदर होता. मला तसा नव्हता म्हणून मला तो बघवत नव्हता. बघवत नव्हता म्हणून मी बघितला नाही, आणि मी बघितला नाही म्हणून आज ती आजारी आहे. चूक तिची नाही. माझी आहे.

कर्णे नंतर थोडा वेळ नुसतेच घरघरत राहिले. कुणी हसलं नाही. तिकडे चहाखान्यात मात्र खोलमुरादांनी आठवडाभर पुरेल असा विषय मिळाल्याचा आनंद करून घेतला असणार. मस्तुरा घामानं भिजून खाली बसली. तोंड असं झालेलं की कुणी पाणी द्यायला पुढं आलं नाही. खोलबीबीनं मात्र चार माणसांपलीकडून ताटातला मांसाचा चांगला तुकडा निवडला आणि हातोहात तिच्यापर्यंत पोचवला.

सोमवारी दोघी पहिल्या बसनं खुजंदला गेल्या. मोहल्ल्यानं शेवटपर्यंत आडकाठी केलीच. तीळ कापला की दौलत जाते, आयुष्य तुटतं, एकीनं तर घोड्याचा केस आणून दिला, गाठ मारून बांध, आपोआप गळेल. मस्तुरानं तो केस आणि ती बाई दोन्ही दाराबाहेर काढली. इस्पितळातली डॉक्टर म्हणजे एक पोरगी होती, मस्तुराच्या वहीत जिचं पान अजून कोरंच असावं अशा वयाची. तिनं भिंगातून बघितलं, चेहरा बदलू दिला नाही, आणि विचारलं, केव्हापासून आहे हे? घरात कुणी पाहिलं नाही का?

मस्तुरानं तोंड उघडलं, पण खोलबीबी आधी बोलली. "मी लपवत होते बाई. रंग लावून. कुणाला कसं दिसणार?"

परतीच्या बसमध्ये मस्तुरा खिडकीकडे तोंड करून बसली होती. रडत नव्हती, असं तिचं म्हणणं आहे.

गुरुवारी कापलं. डागाबरोबर तो म्हातारा तीळही गेला, आणि मानेजवळचं कातडं ओढून खड्डा बुजवला. तपासणीचा निकाल यायला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत मस्तुरानं पाट ओलांडला किती वेळा याची मोजदाद नाही. रोज जखम धुवायची, पट्टी बदलायची आणि खोलबीबीला दम भरायची, हलू नकोस, हसू नकोस, जर्दाळू गेले चुलीत, गच्चीवर पाऊल ठेवलंस तर तंगडी मोडीन. निकाल आला. वरच्या थरातच होता. खाली उतरला नव्हता. डॉक्टर पोरगी फोनवर म्हणाली, आणखी उशीर झाला असता तर मी हे सांगू शकले नसते.

खोलबीबी काही सुधारली नाही, हेही सांगून टाकतो. महिन्याभरात तिनं लग्नांतून सांगायला सुरुवात केली की असा तीळ कापताना डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फोटोला आता डावा गाल पुढं करते.

पट्टी कायमची निघाली त्या सकाळी मस्तुरा उस्म्याची पानं खुडून घेऊन गेली. आपल्या तळहातावर चोळली, तिच्या दोन्ही भुवया रंगवल्या. काडीवर रस उरला होता. खोलबीबीनं आरशात बघितलं. गालावर फिकट गुलाबी व्रण होता, कानापर्यंत गेलेला, बाकी काही नाही.

"झाले की गं मीही कोरडी," ती म्हणाली. "तुझ्यासारखी."

मस्तुरानं काडी पाटात टाकून दिली. खोलबीबीची हनुवटी दोन बोटांनी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग खिशातून वही काढली, शेवटचं कोरं पान उघडलं आणि लिहिलं: खोलबीबी, उजवा गाल. तीळ नाही. दर गुरुवारी बघणे.